फौजदार निवडून द्यावा काय?

(आदिलाबादकडील एका मराठी शिक्षकाने शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढे केलेले भाषण)



सरपंच आपण निवडतो, आमदार निवडतो. मग ठाण्यावरचा फौजदार आणि जिल्ह्याचा पोलीसप्रमुख का निवडू नये, असा प्रश्न आमच्याकडे आठवडी बाजारात पुष्कळ जण काढतात. "आमच्या मतावर आला, तर आमचे ऐकेल," असे लोकांचे म्हणणे. त्यामागची तळमळ खरी आहे. तरीही आमच्या आदिलाबादचा अनुभव काय सांगतो, ते ऐकून मग तुम्ही मत बनवा.

निजामाच्या अमलात आमच्या गावोगावी पोलीस पाटील असे. तो गावचाच, पण वतनाने आलेला. तुमच्याकडे पोर्तुगीज अमदानीत रेजिदोर असे. तो वरून नेमलेला. दोघेही ओळखीचे, पण दोघांनाही जाब विचारण्याची सोय रयतेला नव्हती. म्हणजे माणूस जवळचा असला की न्याय मिळतोच, असे नाही.

आता इंद्रवेल्लीची गोष्ट. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. गोंड शेतकरी आपल्या जमिनींच्या प्रश्नावर सभेसाठी जमत होते. सभेची परवानगी नाकारली गेली होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात. पुढे अनेक वर्षे त्या दिवशी स्तूपापाशी फूल वाहायलाही बंदी असे.

त्या वेळी पोलीसप्रमुख निवडून आलेला असता, तर गोळीबार टळला असता काय? मला तसे वाटत नाही. जिल्ह्यात गोंड थोडे. बाहेरून येऊन जमिनी धरणारे, व्यापारी, सावकार आणि त्यांच्या मागचे लोक अधिक. आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून १९७० चा कडक कायदा होता. तो पाळला गेला नाही, म्हणून तर सभा होती. मते मागणारा माणूस आधी मोठा गठ्ठा पाहतो. थोड्यांच्या बाजूने उभा राहायला त्याला सवड कुठली?

तुमच्या रांपणकारांचेही तेच. १९८० च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला. ट्रॉलरवाले संख्येने थोडे, पण निवडणुकीला पैसा त्यांच्याकडे. त्यांच्या पैशावर निवडून आलेला अधिकारी त्यांचाच ट्रॉलर अडवील काय?

इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ साली ४१ विभागांत पोलिसांवर देखरेख करणारे आयुक्त लोकांनी निवडले. पहिल्या निवडणुकीला शंभरातले जेमतेम पंधरा मतदार आले. ही पदे २०२८ मध्ये बंद करू, असे तिथल्या सरकारने २०२५ साली जाहीर केले.

मग लोकमताला पोलिसांच्या कारभारात जागाच नाही काय? आहे, आणि ती आपण मागितली पाहिजे. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात निकाल दिला. ठाण्याच्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षे एका जागी ठेवा, म्हणजे पुढाऱ्याच्या एका फोनवर त्याची बदली होणार नाही. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे त्यात सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात ते प्राधिकरण आहे काय, कुठे बसते, तक्रार कशी घेते, हे मते मागायला येणाऱ्या प्रत्येक आमदाराला विचारा.

मतपेटीने सगळे मिळत नाही, हे पाहायचे असेल तर जुन्या आदिलाबादच्या सरहद्दीवर या. जिवती आणि केरामेरीच्या दरम्यान मुकदमगुडा, परंडोलीसारखी चौदा गावे आहेत. ती महाराष्ट्राची आहेत, हा आपला आग्रह. पण दोन्ही राज्ये त्यांच्यावर हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन मतदार ओळखपत्रे, गावाला दोन ग्रामपंचायती. देशात कुणाला नसतील इतकी मते त्यांना आहेत. तरी बांधावर मारामारी झाली, तर कुठल्या ठाण्यात जायचे आणि कोण दखल घेईल, याची चिंता त्यांना आहेच.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला कौल विचारला गेला. तो आपल्या विरुद्ध गेला, याचे दुःख आहे. पण लोकांना विचारून कारभार करावा, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. तेच तत्त्व ठाण्याच्या दारापर्यंत नेणे आपल्या हाती आहे. सुरुवात लहान आहे. गुन्ह्याची पहिली खबर दिलीत, की तिची प्रत फुकट मिळणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ती हातात पडल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. एकट्याला भीती वाटत असेल, तर गावातली चार माणसे बरोबर न्या.