आजारी आई आणि भरपगारी रजा



खामगाव, मलकापूर, बुलढाणा या भागांत एके काळी अमेरिकेतील अलायन्स मिशनची माणसे राहत होती. मुदत संपण्यापूर्वीच घरून आईच्या वा बापाच्या हृद्रोगाचे पत्र आले, तर धर्मसेवकाचेही मन दोन ठिकाणी ओढले जाणार. त्यांच्या धर्माविषयी आम्हांस येथे बोलावयाचे नाही. आम्हांस आठवतात ते आमच्या जिनिंगमधील गडी.

आमच्या एका सोबत्याच्या आईच्या छातीत कळ आली. नवराबायको दोघेही परजिल्ह्यात जिनिंगवर होती. हंगाम अर्धा टाकून ती घरी आली. म्हातारी वाचली, पण दोघांचीही कामे गेली. मालकाने उचल मात्र आठवणीने कापून घेतली.

1948 च्या कारखाने कायद्यात 240 दिवस भरल्यावर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. 2020 च्या संहितेने ती अट 180 दिवसांवर आणली. पण कापसाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. एवढे दिवस भरायचे कोठून? 1948 च्याच राज्य कामगार विमा कायद्याने तर सरकी काढणारे हंगामी कारखाने वगळलेच होते.

पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबविले. आमचा मुकादम एक पाळीही थांबत नाही. म्हणून आमची मागणी एवढीच : आजारी आईबापाच्या उशाशी पंधरा दिवस बसले म्हणून हजेरीपटावरचे नाव जाऊ नये, आणि एका हंगामाचे दिवस पुढच्या हंगामात जोडून धरावेत. दया आम्हांस नको, हक्क हवा.