बायपासनंतरचे आतडे आणि टाक्यांचा धागा

वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची, जेमतेम तीसेक मिलिलिटर मावेल अशी पिशवी करतात. लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आणणारे वरचे टोक पुढे आतड्यालाच जोडले जाते.

आतड्याला रक्त पोचवणारा चरबीचा पडदा पोटाच्या मागच्या भिंतीला धरून असतो. आतड्याची ही हलवाहलव झाली की त्यात फटी राहतात. एक असते आतड्याच्या जोडापाशी, दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या मागे. या दुसरीला जर्मन शल्यविशारद पीटरसन यांचे नाव आहे. वजन उतरते तशी पडद्यातली चरबीही झडते आणि फटी रुंदावतात. म्हणजे शस्त्रक्रिया जितकी यशस्वी, तितकी वाट मोकळी! त्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना फारशी चिकटत नाहीत. मोकळे आतडे फटीत शिरते, कधी पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो.

मग फटी शिवून टाकाव्यात, हे उघड वाटते. स्वीडनमधल्या 12 केंद्रांतील सुमारे 2,500 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन वर्षांत आतड्याच्या अडथळ्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फटी शिवल्यावर 5.5 टक्के, तर न शिवल्यास 10.2 टक्के होते. मात्र शिवलेल्यांत सुरुवातीच्या गंभीर गुंतागुंती जास्त निघाल्या. टाक्यांच्या ओढीने आतड्याचा जोड मुडपणे, हे त्याचे मुख्य कारण. म्हणून फट मिटली पाहिजे, पण जोडावर ताण येता कामा नये.

धागा कोणता, हे जागेवर ठरते. फटीसाठी सहसा न विरघळणारा धागा घेतात, कारण वजन महिनोन्महिने उतरत राहते आणि विरघळणारा धागा तोवर टिकत नाही. जठराच्या जोडावर नेमके उलटे. तिथे न विरघळणारा धागा आत उघडा पडला, तर परकी वस्तू म्हणून खुपत राहतो आणि व्रणाला निमित्त होतो. तिथे विरघळणाराच बरा. काटेरी धाग्याला गाठ लागत नाही, वेळ वाचतो. पण त्याचे टोक लांब राहिले तर काटे शेजारच्या आतड्यात किंवा पडद्यात रुततात आणि अडथळा होतो. टोक आखूड कापणे, ही क्षुल्लक दिसणारी गोष्ट इथे फार मोलाची.

बायपासनंतर वर्षा-दोन वर्षांनी जेवणानंतर बेंबीच्या वर, डावीकडे कळ येणे, ती पाठीत जाणे, मळमळणे, ही अशा अडकलेल्या आतड्याची लक्षणे असू शकतात. जठराचा बराच भाग वाटेतून बाजूला पडलेला असल्याने उलटी फारशी होत नाही. त्यामुळे दुखणे पित्ताचे समजून अंगावर काढले जाते. सीटी स्कॅनमध्ये पडद्याचा भोवरा दिसला तर शंका बळावते. पण स्कॅन स्वच्छ आला म्हणून शंका संपत नाही. कळ थांबतच नसेल तर दुर्बिणीने पोटात पाहावे लागते. पहिल्या शस्त्रक्रियेत फटी शिवल्या होत्या का आणि कोणत्या धाग्याने, हे त्या वेळच्या कागदांवर असेल तर शल्यविशारदाचे काम सोपे होते.