वेबसाइट फुकट ठेवायची, पण कुठे?

स्टॅटिक वेबसाइट कुठे ठेवावी, हा आजचा विषय. पण आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या शहरातल्या मराठी मंडळाची छान वेबसाइट होती. जुने दिवाळी अंक, स्मरणिका, गणेशोत्सवाचे फोटो. एका उत्साही मुलाने ती बनवली होती. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो नोकरीसाठी परदेशी गेला, त्याचा ईमेल बदलला आणि नूतनीकरणाच्या सूचना जुन्या पत्त्यावर पडून राहिल्या. एक दिवस वेबसाइट गायब! मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "अरे, ह्यांचा लेख होता ना त्यावर? आता दिसतच नाही." काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात त्या लेखाची दुसरी प्रत नव्हती.

नवी वेबसाइट उभी करायचं काम माझ्याकडे आलं. स्टॅटिक म्हणजे काय, तर पानं आधीच तयार असतात. एचटीएमएलच्या फाइल, फोटो, बस. सर्व्हरने फक्त उचलून द्यायचं. डेटाबेस नाही, त्यामुळे खर्च कमी आणि बिघाडही कमी. मंडळ, शाळा, लेखक, छोटा संशोधन प्रकल्प, यांना एवढं पुरतं.

तुलना करताना लोक पहिलं विचारतात, फुकट कोण देतं? अहो, बहुतेक सगळेच देतात! म्हणून मी दुसरे दोन प्रश्न विचारतो. मर्यादा ओलांडली तर काय होतं? आणि उद्या तिथून निघायचं झालं तर काय बरोबर नेता येतं?

गिटहब पेजेस २००८ पासून आहे. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत. ती ओलांडली तर साइट थांबू शकते किंवा समज देणारी मेल येते, पण बिल येत नाही. मात्र मोफत खात्यात तुमच्या मूळ फाइल सगळ्यांना दिसतात. सभासदांची फोन नंबरांची यादी चुकूनही त्यात टाकू नका. आणि दुकान चालवायला ही जागा नाही.

क्लाउडफ्लेअर पेजेसमध्ये तयार फाइलींच्या वाहतुकीवर मर्यादाच नाही. महिन्याला ५०० वेळा साइट नव्याने चढवता येते. पण एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. स्कॅन केलेला दिवाळी अंक सहज ४० एमबीचा होतो, तो इथे अडतो.

व्हर्सेल वेगवान आणि वापरायला सोपं. पण त्याचं मोफत खातं वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरापुरतंच आहे. घरचे लाडू-चिवडा विकणाऱ्या ताईंनी ते घेऊ नये.

नेटलिफायचं एक प्रकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये गाजलं. मोफत खात्यावरच्या एका साध्या स्टॅटिक साइटवर एका गाण्याच्या फाइलसाठी अचानक प्रचंड वाहतूक झाली आणि १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. म्हणजे ८५ लाख रुपयांहून जास्त! गवगवा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनीच ते माफ केल्याचं जाहीर केलं. पण तोवर त्या माणसाची झोप उडाली असणार. म्हणून माझा पहिला प्रश्न हा, की मर्यादा संपल्यावर साइट थांबते की मीटर चालू राहतं?

ॲमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये मीटरच असतं. वापराल तेवढे पैसे. शिवाय एस-थ्रीच्या वेबसाइट पत्त्यावर थेट एचटीटीपीएस मिळत नाही, त्यासाठी क्लाउडफ्रंट जोडावं लागतं. खर्चाचा इशारा लावता येतो, पण नुसत्या इशाऱ्याने खर्च थांबत नाही. अनुभवी माणूस सोबत असेल तरच तिकडे जा.

आता थोडा हिशोब. एक पान २ एमबीचं धरलं, तर १०० जीबीत ते सुमारे ५०,००० वेळा उघडेल. ४० एमबीचा अंक मात्र जेमतेम २,५०० वेळा उतरवता येईल. म्हणून आम्ही काय केलं? लेख साध्या मजकुराच्या पानांत बसवले, ते गिटहब पेजेसवर. स्कॅन केलेले अंक इंटरनेट आर्काइव्हवर चढवून त्यांचे दुवे दिले.

आणि दुसरा प्रश्न, निघण्याचा. कुठलंही होस्टिंग कायमचं नसतं. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं, तेव्हा असंख्य लोकांची घरची पानं गेली. स्टॅटिक साइटचं सुख हे, की सगळं एका फोल्डरमध्ये मावतं. तो फोल्डर उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, डोमेनची नोंद बदलायची. वाचकाला पत्ता तोच दिसतो. पण त्यासाठी डोमेन तुमचं हवं आणि फोल्डर तुमच्या हातात हवा.

तेव्हा आज घरी गेल्यावर तीन कामं करा. डोमेन आणि होस्टिंग मंडळाच्या ईमेलवर घ्या, कुणा एकाच्या नाही. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. आणि पूर्ण फोल्डरची प्रत दर वर्षी पेन ड्राइव्हवर काढा. मर्यादांचे आकडे कंपन्या बदलत असतात, म्हणून खातं उघडताना ते स्वतः वाचा.

काकांचा लेख शेवटी छापखान्यातल्या एका जुन्या सीडीत सापडला. नव्या साइटवर पहिला तोच चढवला. काकूंनी मोबाइलवर पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "आता हा जाणार नाही ना?" मी म्हटलं, "काकू, एक प्रत तुमच्याही पेन ड्राइव्हवर देतो."