ग्रहणाची धमकी आणि नवेगावचा बांध

मिळालेल्या मिनिटांत मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जुन्या काळातली माणसं अडाणी नव्हती. विषय सिनेमाचा आहे. मार्क ट्वेनच्या १८८९च्या कादंबरीवर हॉलिवूडनं १९४९ मध्ये बिंग क्रॉस्बीला घेऊन, घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा एक विनोदी चित्रपट काढला. अमेरिकेतला एक कारागीर काळात मागे, थेट राजा आर्थरच्या दरबारात जाऊन पडतो. जिवावर बेततं तेव्हा तो सूर्यग्रहणाच्या आधाराने सगळ्यांना घाबरवतो. दरबार थरथरतो आणि हा जादूगार ठरतो. याच धर्तीवर पुढे मुलांसाठी आणखीही चित्रपट निघाले. आता हीच युक्ती त्यानं आपल्याकडे करून पाहिली असती तर? कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचून ग्रहणाचं गणित सोपं केलं आणि पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगं त्यावर चालली. अशा मुलखात परक्यानं धमकी दिली असती, तर जोशीबुवांनीच त्याला ग्रहणाचा स्पर्श केव्हा नि मोक्ष केव्हा ते ऐकवलं असतं. कुणी म्हणेल, लोक ग्रहणाला भीत होतेच की! होते. पण भिणं वेगळं आणि बेसावध असणं वेगळं. ग्रहण येणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो ते पाहुण्यानं आणलं असं कसं मानेल?

गावी आलेला पाहुणा आजीच्या चुलीपुढे लायटर टिकटिकवून दाखवतो, तसं हे आहे. आजी कौतुकानं पाहते. पण रात्री राखेखाली निखारा कसा झाकायचा, ओलं लाकूड कुठे लावायचं, भात कधी उतरवायचा, हे तिला ठाऊक असतं. लायटरमधला गॅस संपला की पाहुण्याला तिच्याकडेच विस्तव मागावा लागतो. या चित्रपटांतला पाहुणा मात्र कधी विस्तव मागत नाही, तो फक्त दाखवतो. माझी तक्रार एवढीच आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यातले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव पाहा. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातल्या लोकांनी उतार नजरेनं जोखून पाळी घातल्या. तलाव उतरेल तसतशी तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, खालची भोकं उघडत धानाला पाणी सोडायचं, आणि जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, काढून द्यायचं. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, तो नवेगावचा बांध सात बहिणींच्या डोंगरांत आजही उभा आहे; १९९९ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. काळाच्या प्रवाशाला त्या पाळीवर नेऊन उभं करा आणि विचारा, बाबा रे, तुझ्या खिशात याहून मोठं काय आहे? मालगुजारी गेल्यावर यातले कितीतरी तलाव आपण गाळानं भरू दिले. म्हणजे अडाणी कोण, हेही जरा तपासायला हवं.

यावर म्हणतील, विनोदी चित्रपटाला एवढं कशाला ताणायचं? विनोद हवाच. प्रश्न आहे तो कुणाला हसायचं याचा. २००९च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’मध्ये महाराज आपल्या काळात येतात, पण हसू येतं ते बँकेत नोकरी करणाऱ्या दिनकर भोसल्याच्या बुळेपणाचं. तो रस्ता बरोबर होता. उलट्या दिशेनं, म्हणजे आपल्यातलं कुणी मागे गेलं, तरी हसू प्रवाशाचंच व्हावं. जुना काळ गोड होता असं मी म्हणत नाही. वेठ होती, विटाळ होता. ट्वेननं कादंबरीत गुलामगिरीवर कोरडे ओढले, तसं हेही पडद्यावर यावं. अन्याय दाखवा, पण अन्याय सोसणाऱ्याला मूर्ख दाखवू नका. पुन्हा सांगतो, ती माणसं अडाणी नव्हती.

वेळ संपत आली, म्हणून भाषेचं थोडक्यात सांगतो. असा चित्रपट कुणी काढलाच, तर त्या कोहळ्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका, आपल्या भागातली झाडीबोली द्या. आणि नट बाहेरून आणू नका. झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं करणारे, दंडार या लोकनाट्यात उभे राहणारे कलावंत इथेच आहेत. त्यांना बोलवा, आणि संवाद लिहायलाही त्यांनाच बसवा, कारण…