ढगाखालचा समुद्र



अध्यक्षीय भाषणात मराठी विज्ञानलेखनाच्या अवस्थेबद्दल चिंता व्यक्त करण्याची प्रथा आहे. ती मोडून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे: समुद्रावरचे ढग मुद्दाम अधिक पांढरे करून पृथ्वी थंड करण्याची कल्पना. मराठीत तिला अजून धड नाव नाही. ‘मेघांची उजळणी’ म्हणावे, तर पाढे आठवतात. कल्पना मात्र नवी नाही. जॉन लॅथम या ब्रिटिश मेघभौतिकशास्त्रज्ञांनी ती १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. पुढे एडिंबरा विद्यापीठातले अभियंते स्टीफन सॉल्टर यांनी त्यासाठी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांचे आराखडे तयार केले. जहाजाने समुद्राच्याच पाण्याचा अतिसूक्ष्म फवारा हवेत सोडायचा. पाणी उडून जाते, मिठाचा कण उरतो आणि तो वर जाऊन ढगात शिरतो. ढगातले तेवढेच पाणी मग जास्त थेंबांत वाटले जाते. थेंब लहान झाले की ढग अधिक पांढरा होतो आणि ऊन परत फेकतो. वातावरणशास्त्रज्ञ शॉन ट्वूमी यांनी हे गणित १९७०च्या दशकातच मांडले होते. जहाजांच्या धुरामुळे ढगांत उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसल्या होत्या.

सारा खेळ कणाच्या आकाराचा आहे. कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा हवा. बराच मोठा झाला, तर थेंब वाढतो, पाऊस होऊन पडतो आणि ढग विरळ होतो. हे आपल्याला परके वाटू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानातून क्षारकण सोडून जे प्रयोग केले, त्यांत हेतू नेमका उलटा होता. तिथे ढगाने थेंब मोठे करून पाणी खाली टाकावे, अशी इच्छा. इथे त्याने ते धरून ठेवावे आणि नुसते चमकावे, अशी. ढगाकडे एकाने रांजण म्हणून पाहिले, दुसऱ्याने आरसा म्हणून. माझी तक्रार या ‘आरसा’ शब्दापाशी सुरू होते.

या कामाला कुठलाही ढग चालत नाही. लागतो तो समुद्रावर सतरंजीसारखा पसरलेला, बुटका, सलग ढग, स्ट्रॅटोक्युम्युलस. त्याचे मोठे पट्टे कॅलिफोर्निया, पेरू-चिली आणि नामिबिया-अंगोला यांच्या किनाऱ्यांसमोर आहेत. तिथेच का? वाऱ्यामुळे तिथे खोल समुद्राचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा थंड, तिच्यावर उबदार, कोरड्या हवेचे झाकण; त्या झाकणाखाली ढग अडकून राहतो. आता दुसरी गोष्ट पाहा. तेच थंड पाणी तळाची पोषकद्रव्ये वर आणते. त्यांवर वनस्पती-प्लवक वाढतात, प्लवकांवर अँकोव्ही आणि सार्डिनसारखे छोटे मासे, त्यांवर पक्षी, सील आणि माणसे. थंड पाणी वर येणाऱ्या अशा पट्ट्यांनी महासागराचा जेमतेम एक टक्का व्यापला आहे. जगातल्या सागरी मासळीचा सुमारे एक पंचमांश वाटा तिथून येतो. पेरूची अँकोव्ही ही एकाच जातीच्या माशाची जगातली सर्वांत मोठी मासेमारी. म्हणजे ज्या कारणाने हे ढग उजळायला सोयीचे, त्याच कारणाने त्यांच्याखालचा समुद्र सर्वांत भरलेला. आपण मात्र या समुद्राचे जे होईल त्याला ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणतो. पृथ्वीचे सरासरी तापमान मध्यभागी ठेवून आकृती काढली, म्हणून मासा कडेला गेला. निसर्गात तो कडेला नाही.

तिथे नेमके काय होईल? ऊन थोडे कमी झाल्याने सगळे प्लवक मरतील, असे कोणी म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. अगदी पृष्ठभागावरच्या प्लवकांना अनेकदा गरजेपेक्षा जास्तच ऊन मिळते. खालच्या थरातल्यांचे मात्र तसे नसते. तिथे उजेडाचा प्रत्येक अंश मोजून वापरला जातो. मला त्याहून मोठी वाटते ती वाऱ्याची बाब. तळाचे पाणी वर आणणारा किनारी वारा जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर बराचसा पोसला जातो. समुद्र थंड केला, तर हा फरक बदलणार, वारा बदलणार आणि पोषकद्रव्यांचा पुरवठाही बदलणार. अधिक पुरवठा म्हणजे अधिक मासे, असेही सरळ गणित नाही. नामिबियाच्या किनाऱ्यावर कुजलेल्या प्लवकांच्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि मासे, शेवंडे मरतात. त्याच किनाऱ्यामागे नामिब वाळवंट आहे. तिथले काही भुंगेरे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचे थेंब पाठीवर झेलून पाणी पितात. ढगाचा पोत बदलला तर त्यांच्या पाण्याचे काय, हा प्रश्न हवामानाच्या संगणकीय प्रारूपात सहसा नसतो.

परिणाम दूरवरही जातात. ब्रिटनच्या हॅडली केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रारूपात दक्षिण अटलांटिकवरचे ढग उजळले, तेव्हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पाऊस घटला. २०२४ मधल्या अशाच एका प्रारूपाच्या अभ्यासात उत्तर प्रशांत महासागरावरचे ढग उजळल्याने आजच्या हवामानात अमेरिकेच्या पश्चिम भागातली उष्णता कमी झाली. शतकाच्या मध्यावरच्या तापलेल्या जगात तोच उपाय निष्प्रभ ठरला, काही ठिकाणी उलटा पडला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, जहाजे हे शंभर वर्षे करतच होती. शिवाय १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, धूर स्वच्छ झाला आणि ढगांनी झाकलेली ऊब उघडी पडली. मग गंधकाऐवजी मीठ सोडले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद ढग उजळतात एवढे सिद्ध करतो. खालच्या समुद्राला काय झाले, हे त्या शंभर वर्षांत कोणी त्या नजरेने मोजले नाही. न मोजलेल्याला निरुपद्रवी म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप खरा आणि जड आहे: प्रवाळ तर आजच मरत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्ये टाउन्सव्हिलजवळच्या ब्रॉडहर्स्ट प्रवाळभित्तीवर फवाऱ्याची पहिली मैदानी चाचणी घेतली. याला माझा विरोध नाही. उष्णतेच्या लाटेत काही आठवडे, एका ओळखीच्या जागी, एका नेमक्या जिवासाठी सावली धरणे वेगळे. महासागरांवर कायमचे छप्पर घालणे वेगळे. पण तिथेही प्रवाळाशेजारच्या समुद्री गवताचा आणि त्यावर जगणाऱ्या डुगाँगचा हिशेब मांडावाच लागेल. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात वाढणारी आम्लता या सावलीने तसूभरही कमी होत नाही. शिवाय मिठाचे कण हवेत काही दिवसच टिकतात. फवारा थांबला की दबलेली ऊब परतणार, आणि तीही घाईने. सावकाश बदलाशी कसेबसे जुळवून घेणाऱ्या जिवांना ती झेपणार नाही.

तर मग संशोधनच बंद करावे का? मुळीच नाही, पण ते लोकांना विचारून व्हावे. कॅलिफोर्नियातल्या अलमेडा इथे एप्रिल २०२४ मध्ये ‘हॉर्नेट’ या जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने फवाऱ्याचा छोटा प्रयोग केला. नगरपालिकेला त्याची आधी नीट कल्पना नव्हती. तज्ज्ञांना आरोग्याचा धोका आढळला नाही, तरी जूनमध्ये नगरपालिकेने प्रयोग बंद पाडला. त्या निर्णयात विज्ञानाचा पराभव कमी आणि न विचारण्याची शिक्षा जास्त होती. पेरूच्या कोळ्याला किंवा ॲमेझॉनच्या शेतकऱ्याला विचारण्याची तर अजून पद्धतच नाही. समुद्रातल्या अशा हस्तक्षेपांवर नियंत्रण आणणारी, ‘लंडन प्रोटोकॉल’ या सागरी प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय कराराची २०१३ ची दुरुस्ती पुरेशा देशांच्या मान्यतेअभावी अजून लागू झालेली नाही. २०२२ मध्ये त्या करारातल्या देशांनी ज्या चार तंत्रांकडे प्राधान्याने लक्ष द्यायचे ठरवले, त्यांत ढग उजळणे आहे.

या सभागृहात लिहिणारी माणसे बसली आहेत, म्हणून एक विनंती. हा विषय तुमच्याकडे बातमी होऊन येईल तेव्हा तापमान किती अंशांनी घटेल, हा आकडा दुसऱ्या परिच्छेदात जाऊ द्या. पहिल्या परिच्छेदात कोणता समुद्र, कोणता मासा आणि कोणाचा पाऊस, ते लिहा. आणि ‘आनुषंगिक’ हा शब्द कृपा करून वापरू नका.