दशांशांचा भागाकार : घासाघासाने

आज गुरुजनांशी, आणि ज्यांची मुले पाचवी-सहावीत आहेत त्या आईबापांशीही, भागाकाराविषयी थोडे बोलायचे आहे. हाताशी पाटी-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नुसत्या ऐकण्याने हिशेब अंगी मुरत नाही.

मुलाला विचारा : ८.४ किलो शेंगदाणे आहेत, ०.३५ किलोची एक पुडी करायची, तर पुड्या किती होतील? पुष्कळ मुले दशांशचिन्हाकडे काणाडोळा करून ८४ ला ३५ ने भागतात आणि २.४ लिहून मोकळी होतात. आता आठ किलो दाण्यांच्या दोन-अडीच पुड्या होतील काय? दुकानात बसवले तर हेच पोर अशी चूक करणार नाही. वहीत मात्र निमूटपणे करते. आपण त्याला चिन्ह सरकवायला शिकवले. का सरकवायचे, ते सांगायचे राहून गेले.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आणि मुले पावकी, निमकी, दिडकी घोकून हिशेब करीत. दशमान आले, घोकंपट्टी कमी झाली. पण सारा भार त्या एवढ्याशा ठिपक्यावर येऊन पडला!

तर आधी किलोचे ग्रॅम करा. माल ८,४०० ग्रॅम, पुडी ३५० ग्रॅमची. माप बदलले, माल तोच. म्हणून पुड्याही तितक्याच. आता भाकरी जशी घासाघासाने खातो, तसा भाज्य संपवायचा. दहा पुड्या बांधल्या, ३,५०० ग्रॅम गेले, उरले ४,९००. आणखी दहा बांधल्या, उरले १,४००. मग दोन, उरले ७००. आणखी दोन, संपले. उजवीकडे मांडलेले १०, १०, २, २ मिळवा : २४ पुड्या.

एखादी मुलगी पहिल्याच घासाला वीस पुड्या घेईल, एखादा मुलगा पाच-पाच घेत जाईल. दोघांचेही बरोबर. कमी घेतले तर एक ओळ वाढते, इतकेच. नेहमीच्या रीतीत प्रत्येक अंक नेमका ओळखावा लागतो, आणि ओळख चुकली की खोडाखोड. कच्चे मूल तिथेच घाबरते. या रीतीत त्याला दहापट आणि दुप्पट आली, तरी वाट सापडते.

आता खरी मेख ऐका. दाणे ८.५ किलो असते तर? मुलाने दोन्ही संख्यांना १०० ने गुणले : ८५० भागिले ३५. भागाकार २४, बाकी १०. दहा काय? मूल म्हणते, दहा किलो. साडेआठ किलोतून दहा किलो उरले! भाज्य-भाजक दोन्ही १०० पट केले की भागाकार तोच राहतो, पण बाकी १०० पट होते. ती १०० ने भागून परत आणली की ०.१ किलो, म्हणजे १०० ग्रॅम. गुरुजी, फळ्यावर बाकी लिहिली की दर वेळी विचारा, "ही बाकी कशाची?"

वाटणीचा भागाकार याहून सोपा. ५८.८ किलो ज्वारी १४ घरांत सारखी वाटायची. प्रत्येकी ४ किलो दिले, ५६ गेले, उरले २.८ किलो; म्हणजे २,८०० ग्रॅम. प्रत्येकी २०० ग्रॅम. वाटा ४.२ किलोचा. इथे भाजक पूर्ण संख्या आहे, म्हणून चिन्ह आधी सरकवायचे कारणच नाही.

आता एक उदाहरण मुलांना घाला. डब्यात ९.५ लिटर तेल आहे, बाटली ०.७५ लिटरची. किती बाटल्या भरतील आणि डब्यात किती उरेल? "५० लिटर उरले" असे कोणी म्हणाले, तर रागावू नका. डबा केवढा होता, तेवढे विचारा. उत्तर आहे : १२ बाटल्या, आणि तळाला अर्धा लिटर.