ठिपक्यांच्या चौकटीत काय लिहायचे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मृग तोंडावर आला की आपल्या परभणी जिल्ह्यात शेतकरी मेळाव्यांची धांदल सुरू होते. कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्या वर्धापनदिनाला जोडून विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो. मग जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतून आणि गावोगावच्या समाजमंदिरांतून छोटे कार्यक्रम होतात. पूर्वी अशा ठिकाणी खिळ्याला तक्ते टांगत. मग पारदर्शक कागदावर लिहून तो दिव्याच्या उजेडात भिंतीवर पाडायची सोय आली. १९८७ साली निघालेले पॉवरपॉइंट सुरुवातीला असलेच पारदर्शक कागद तयार करण्यासाठी होते, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. आता लॅपटॉप असतो, प्रोजेक्टर असतो आणि समोर एक पांढरी चादर.

पॉवरपॉइंटमध्ये कोरी स्लाइड उघडली की तिच्यावर ठिपक्यांच्या रेघेच्या एक-दोन चौकटी दिसतात. आत फिकट अक्षरात लिहिलेले असते, 'क्लिक टू अ‍ॅड टायटल'. या चौकटीला प्लेसहोल्डर म्हणतात. आपण तिला राखीव जागा म्हणू. अनेकजण पहिले काम करतात ते ही चौकट पुसून टाकण्याचे! मग 'टेक्स्ट बॉक्स' घेऊन हवा तिथे मजकूर टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते. त्यामुळे यात काही बिघडले, असे कोणाला वाटत नाही.

फरक कळण्यासाठी आपला सातबारा डोळ्यांसमोर आणा. त्यात नुसता आकडा कुठेही लिहिलेला चालत नाही. क्षेत्राच्या रकान्यात लिहिला तर ते क्षेत्र, आकारणीच्या रकान्यात लिहिला तर तो आकार. आकड्याला अर्थ येतो तो रकान्यामुळे. तोच आकडा समासात लिहून ठेवला, तर लिहिणाऱ्या तलाठ्याला तो कळेल, त्याच्या बदलीनंतर येणाऱ्याला कसा कळावा? राखीव जागा म्हणजे रकाना, आणि टेक्स्ट बॉक्स म्हणजे समासातली नोंद.

रकाने आखायचे काम 'लेआउट' करतो. शीर्षक कुठे, मजकूर कुठे, चित्र कुठे, हे त्यात ठरलेले असते. या सगळ्या लेआउटांच्या वर एक 'स्लाइड मास्टर' असतो. त्यात शीर्षकाचा रंग एकदा बदलला की पन्नास स्लाइडींवरची शीर्षके बदलतात. मात्र ती राखीव जागेत लिहिलेली हवीत आणि त्यांचा रंग कोणी हाताने बदललेला नसावा. स्लाइडचा लेआउट बदलला की राखीव जागेतला मजकूर नव्या जागी जाऊन बसतो. टेक्स्ट बॉक्स मात्र होता तिथेच उभा राहतो, मग त्याच्यावर चित्र येवो की दुसऱ्या ओळी येवोत.

आता यात खरे अडते कुठे, ते पाहू. सोयाबीनच्या पेरणीला हेक्टरी साधारण ६५ किलो बियाणे सांगितले जाते. शिफारस येते हेक्टरात आणि आपला शेतकरी बोलतो एकरात. ६५ किलो हेक्टरी म्हणजे एकरी २६ किलो. समजा, स्लाइडवर '६५ किलो' राखीव जागेत लिहिले आणि 'हेक्टरी' हा शब्द नंतर आठवला म्हणून शेजारी टेक्स्ट बॉक्समध्ये चिकटवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कृषी सहायकाने तीच फाइल घेतली आणि शेंगांचा फोटो बसवण्यासाठी लेआउट बदलला. ६५ किलो डावीकडे सरकले, 'हेक्टरी' फोटोखाली झाकले गेले. मागच्या रांगेतून कोणी विचारले, "साहेब, पासष्ट किलो एकराला का?" तर "नाही दादा, हेक्टरला" असे उत्तर मिळेल आणि प्रश्न मिटेल. पण विचारणारे थोडे आणि वहीत उतरवून घेणारे फार. बियाण्याची पिशवी काय भावाने येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यावर उपाय सोपा आहे, पण तो फारसा कोणी वापरत नाही. 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'स्लाइड मास्टर' उघडा. तिथे 'इन्सर्ट लेआउट' ने स्वतःचा लेआउट घ्या आणि 'इन्सर्ट प्लेसहोल्डर' ने हव्या तेवढ्या राखीव जागा आखा. गंमत अशी, की त्या फिकट सूचना आपल्याला आपल्या भाषेत लिहिता येतात. 'क्लिक टू' वगैरे पुसून लिहा, 'पिकाचे नाव व वाण'. दुसरीत लिहा, 'बियाणे किती किलो? हेक्टरी की एकरी, तेही लिहा'. तिसरीत, 'शिफारस कोणत्या वर्षाची?' मग फाइल टेम्प्लेट म्हणून साठवा. पुढच्या हंगामात जो कोणी ती उघडेल, त्याला हे प्रश्न आपोआप विचारले जातील, आणि गेल्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ढकलण्याची सवय थोडी तरी मोडेल. मला विचाराल, तर या सॉफ्टवेअरमधली सगळ्यांत कामाची सोय हीच. उडत येणारी अक्षरे आणि टाळ्यांचे आवाज यांवर शिकवणीवर्गांतून जेवढा वेळ जातो, त्याचा चौथा हिस्सा इथे गेला तरी पुष्कळ.

एक सावधगिरी मात्र हवी. राखीव जागा रिकामी राहिली तर ती काम करताना दिसते, पण पडद्यावर स्लाइड शो सुरू झाला की दिसत नाही. म्हणजे बियाण्याचा आकडा भरायचा राहिला तर तिथे भोकही दिसणार नाही. म्हणून मेळाव्याला निघण्यापूर्वी शो न लावता साध्या दृश्यात एकेक स्लाइड पाहून घ्यावी.

आपल्या लिपीचेही एक दुखणे आहे. जागेत मावणार नाही इतका मजकूर घातला, की सॉफ्टवेअर अक्षरे आपोआप लहान करते आणि ओळीही जवळ आणते. इंग्रजीला ते निभावते. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो, रफार आणि अनुस्वार गर्दीत हरवतात. अक्षर आपोआप बारीक झाले, की समजावे, मजकूर जास्त झाला. तो दोन स्लाइडींवर वाटावा. चष्मा घरी विसरून आलेल्या आजोबांना शेवटच्या रांगेतून वाचता यायला हवे, हेच माप.

फाँटचेही तसेच. जुन्या फाइली अनेकदा अशा फाँटात असतात, की तो फाँट नसलेल्या संगणकावर '६५ किलो' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर असा फिसकटत नाही. फाँट बदलला तरी अक्षर अक्षरच राहते. फाँट मास्टरमध्ये एकदाच ठरवावा, स्लाइडीगणिक बदलत बसू नये.

आणि आधीच पसरून बसलेली फाइल हाती आली तर? 'आउटलाइन व्ह्यू' उघडा. त्यात राखीव जागांतलाच मजकूर दिसतो. स्लाइडवर आहे पण तिथे दिसत नाही, असे जे जे सापडेल, ते टेक्स्ट बॉक्समध्ये आहे, असे समजा. ते कापून योग्य चौकटीत आणा आणि मोकळा बॉक्स पुसा. मग 'होम' मधले 'रीसेट' दाबा. चौकटी आपापल्या मूळ जागी, मूळ आकारात येतात. शब्द जात नाहीत. वीस स्लाइडींची फाइल असेल तर एका दुपारचे काम आहे. मेळाव्याच्या आदल्या रात्री मात्र ते करायला घेऊ नका.